विद्यापीठ एकाचं, सही दुसऱ्याची

पत्राचा सारांश: 'मी ३६ वर्षांचा. इंग्रजीत एम.ए., सेट, पीएच.डी. सांगली जिल्ह्यातल्या दोन सीनियर कॉलेजांत सात वर्षं तासिका तत्त्वावर शिकवतोय. मानधन वर्षातून दोन-तीनदा एकदम जमा होतं, मे-जून कोरडे जातात. बायको जिल्हा परिषदेच्या शाळेत कायम शिक्षिका आहे, मुलगी पहिलीत. आता ओमानमधल्या एका नव्या खासगी विद्यापीठात फाउंडेशनच्या, म्हणजे पदवीआधीच्या तयारी वर्षाच्या, मुलांना इंग्रजी शिकवण्याची ऑफर आलीय. जागा मस्कतपासून तीन तासांवर. महिना ६०० रियाल, आठवड्याला २४ तास, दोन वर्षांचा करार. करार तिथल्या एका मनुष्यबळ पुरवणाऱ्या कंपनीशी करायचाय. मुंबईचा एजंट प्रोसेसिंगचे दीड लाख मागतोय. त्याच विद्यापीठात त्याच कामासाठी ब्रिटिश पासपोर्टवाल्याला माझ्या दुपटीहून जास्त पगार आहे हे कळल्यापासून मन खट्टू झालंय. बायको बिनपगारी रजा घेऊन यायला तयार आहे. दोन वर्षं परदेशी विद्यापीठाचा अनुभव घेऊन परतलो तर इथं कायम व्हायला उपयोग होईलच. तरी जाऊ की नको?'

सर, तुमच्या मूळ पत्रात 'विद्यापीठ' हा शब्द अकरा वेळा आलाय आणि 'कंपनी' एकदा, तोही कंसात. मला ते उलटं हवं होतं.

मी २०११ ते २०१५ ओमानच्या आतल्या भागात अशाच एका नव्या खासगी विद्यापीठाच्या फाउंडेशन विभागात होते. तिथं आमच्या गळ्यातल्या ओळखपत्राच्या नाड्या दोन रंगांच्या होत्या. विद्यापीठाने थेट घेतलेल्यांची निळी, कंपनीकडून आलेल्यांची हिरवी. वर्ग तेच, पुस्तक तेच, पेपर तेच. पण जून उजाडला की निळी नाडी भरपगारी रजेवर घरी जायची आणि हिरव्या नाडीचा पगार सत्राच्या शेवटच्या तारखेला थांबायचा. हिरव्यांना हे कुणी सांगितलंच नव्हतं असं नाही. करारात एका ओळीत होतं. ती ओळ त्यांनी विमानतळावर वाचली.

कंपनीमार्फत जाण्यात बेकायदा काही नाही, आणि सगळ्या कंपन्या लबाड नसतात. पण व्यवहार काय आहे ते नीट समजून घ्या. विद्यापीठ कंपनीकडून शिकवण्याचे तास विकत घेतं, आणि कंपनी तुम्हाला त्यातला काही भाग देते. नव्या खासगी विद्यापीठाचा पटही स्थिर नसतो. तिथल्या खासगी संस्थांतली बरीच मुलं सरकारी शिष्यवृत्तीवर येतात. कुठल्या वर्षी किती मुलं वाट्याला येतील हे संस्थेच्या हातात नसतं. चार तुकड्या कमी झाल्या की विद्यापीठ तुम्हाला काढत नाही, कंपनीला फक्त 'चार शिक्षक कमी पाठवा' असं कळवतं. तुमच्या साहेबाला, म्हणजे विभागप्रमुखाला, तुम्ही कितीही आवडत असलात तरी त्याच्या हातात काही नसतं. म्हणून पहिला प्रश्न एजंटला नव्हे, कंपनीला ईमेलवर विचारायचा: विद्यापीठाने तास कमी केले किंवा तुमचा करार संपवला, तर माझ्या दोन वर्षांचं काय? पगार बारा महिन्यांचा की दोन सत्रांचा?

ओमानचा कामगार कायदा २०२३ साली नव्याने आला आणि खासगी नोकरीला तो लागू होतो. (सरकारी विद्यापीठांचे नियम वेगळे, ते इथं बाजूला ठेवू.) त्यातल्या तीन-चार गोष्टी तुमच्या उपयोगाच्या. आठवड्याला कमाल ४० तास काम. प्रोबेशन जास्तीत जास्त तीन महिने, आणि त्या काळात दोन्ही बाजूंना सात दिवसांच्या नोटिशीवर मोकळं होता येतं. वर्षाला ३० दिवस रजा. नोकरी संपताना दर वर्षामागे एक महिन्याचा मूळ पगार ग्रॅच्युइटी म्हणून. आणि तुमचा पासपोर्ट मालकाला ठेवून घेता येतो तो तुम्ही लेखी संमती दिली तरच. हे 'तरच' महत्त्वाचं. रुजू होण्याच्या दिवशी दहा-बारा कागद सह्यांसाठी पुढे सरकवले जातात, एसीत बसून गोड चहा पाजतात, आणि त्यात एक कागद 'सुरक्षिततेसाठी पासपोर्ट जमा' असा असू शकतो. तो बाजूला काढून ठेवा. भांडायचं नाही, नुसतं म्हणायचं, हा वाचून उद्या देतो.

'मूळ पगार' हा शब्दही लक्षात ठेवा. तुम्ही ६०० लिहिलेत, पण मूळ किती ते लिहिलं नाहीत. बऱ्याच करारांत मूळ २५०-३०० आणि बाकीचे घरभाडं, प्रवास, 'इतर' असे भत्ते असतात. ग्रॅच्युइटी मूळावर निघते. मूळ ३०० असेल तर दोन वर्षांनी हातात ६०० रियाल, ४५० असेल तर ९००. रियाल डॉलरशी बांधलेला आहे, एका रियालला २.६ डॉलर. आपल्या रुपयात ढोबळ हिशोबाला सव्वादोनशे धरा. म्हणजे ६०० रियाल साधारण एक लाख पस्तीस हजार. आता त्यातून घरभाडं, वीज आणि गाडी वजा करा. आतल्या गावात बस जवळपास नसतेच, आणि मे महिन्यात दुपारी दीडला अर्धा किलोमीटर चालून बघा म्हणजे गाडी ही चैन नाही हे कळेल. राहायची जागा कंपनी देणार असेल तर ती कुटुंबासाठी आहे की दोन शिक्षकांना मिळून एक फ्लॅट, हे लेखी घ्या. तुम्ही मुलीला नेण्याच्या गोष्टी करताय म्हणून सांगते.

आता तासांकडे येऊ, कारण पगारापेक्षा माणूस तासांनी जास्त दमतो. २४ तास वर्गात म्हणजे बहुतेक दोन तुकड्या, प्रत्येकी पंचवीस-तीस मुलं. फाउंडेशनमध्ये मुलांना वर्षभरात बारावीच्या इंग्रजीवरून आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेत पाचच्या आसपास आणायचं असतं, म्हणून लेखनावर सगळा भर. समजा ५६ मुलं, प्रत्येकाचा आठवड्याला एक परिच्छेद, कच्चा आणि पक्का असा दोनदा. ११२ कागद. एका कागदाला सहा मिनिटं म्हटली तरी अकरा तास. त्यात मुलांसाठी केबिनमध्ये बसायचे पाच तास घाला. झाले चाळीस. अजून उद्याच्या वर्गाची तयारी, पेपर काढणं, पर्यवेक्षण, बैठका यातलं काहीच आलेलं नाही. ही कायद्याची कमाल मर्यादा तुम्ही नुसत्या वर्ग, तपासणी आणि केबिनमध्येच गाठताय. १८ ते २० तास वर्गात असतील तर माणूस नीट शिकवू शकतो. २४ चे २० होतात का, किंवा तपासणीसाठी वेगळे तास वेळापत्रकात धरले जातात का, हे विचारायला लाजू नका. नव्या विद्यापीठाच्या विभागप्रमुखाला या प्रश्नाचा राग येत नाही, उलट हा माणूस काम जाणतो असं वाटतं.

आणि कामाचा पोत. तुम्ही पीएच.डी. साहित्यात केलीय. मी वीस वर्षं व्हिक्टोरियन कादंबरी शिकवून गेले होते. तिथं पहिल्या दिवशी एका मुलाने उठून विचारलं, 'टीचर, व्हेअर इज माय बेबर?' अरबीत 'प' नाही, म्हणून पेपरचा 'बेबर' होतो, पार्किंगचं 'बार्किंग'. महिनाभर मी त्याच्याकडून मेणबत्तीसमोर 'प' म्हणवून घेत होते, ज्योत हलली की बरोबर. सगळा वर्ग हसायचा, तोही हसायचा. सत्राच्या शेवटी त्याने घरून खजुराचा डबा आणला आणि फार काळजीपूर्वक म्हणाला, 'प्लीज, टीचर.' हे काम मला आवडलं. माझ्या एका सहकाऱ्याला ते अपमानास्पद वाटलं, आणि वर्षभरात तो परत आला. तुम्ही यातले कोण आहात हे तुम्हीच ओळखा, पण 'विद्यापीठात प्राध्यापक' म्हणून जाऊ नका. भाषेचा कारागीर म्हणून जा. जमलं तर जायच्या आधी सेल्टा करा. इंग्रजी शिकवण्याचा केंब्रिजचा कोर्स, १२० तासांचा, त्यात सहा तास प्रत्यक्ष वर्ग घेऊन तो तपासून घ्यावा लागतो. साहित्याच्या पीएच.डी.पेक्षा त्या एका प्रमाणपत्राने तिथल्या भाषाविभागात दार लवकर उघडतं.

ब्रिटिश पासपोर्टवाल्याबद्दल. तुमचं वाईट वाटणं मला पूर्ण पटतं, आणि मी त्यावर काही औषध देणार नाही. आखातात ही पासपोर्टची उतरंड जुनी आहे. वरती ब्रिटिश-अमेरिकन, मग दक्षिण आफ्रिकन, मग आपण आणि फिलिपिनो. 'नेटिव्ह स्पीकर' हा शब्द जाहिरातीत शिक्षणासाठी नसतो, पालकांना दाखवण्यासाठी असतो. आमच्याकडे एक बर्मिंगहॅमचा मुलगा होता, पदवी जाहिरातशास्त्रातली, शिकवण्याचा अनुभव शून्य, पगार माझ्या अडीचपट. बिचारा चांगला होता, व्याकरणाचा तास असला की आदल्या संध्याकाळी माझ्याकडे येऊन बसायचा. मी त्याला फुकट शिकवायची, हे आज लिहिताना जरा हसू येतं. तुम्ही तिथं गेल्यावर ही दरी रोज दिसणार, कॅन्टीनमध्ये, पार्किंगमध्ये. ती पेलवेल का? 'पगार कमी आहे' हे दुःख महिनाभरात बोथट होतं. 'मी त्याच्यापेक्षा चांगला शिकवतो आणि तरी' हे होत नाही. कंपनीशी बोलताना मात्र पासपोर्टचा विषय काढू नका, त्यावर कुणी पैसे वाढवत नाही. पीएच.डी., सात वर्षांचा अनुभव आणि स्वतः लिहिलेलं काही अध्यापन साहित्य असेल तर त्यावर मूळ पगार वाढवून मागा. ६०० चे ७०० झाले नाहीत तरी मूळ ३०० चे ४०० होऊ शकतात, कारण कंपनीला तो खर्च लगेच दिसत नाही.

एजंटला दीड लाख द्यायचे नाहीत. परदेशी नोकरीसाठी माणसं पाठवणारा एजंट परराष्ट्र मंत्रालयाकडे नोंदलेला असावा लागतो, आणि तो कामगाराकडून सेवाशुल्क म्हणून ३०,००० रुपये अधिक जीएसटी, एवढंच घेऊ शकतो. जीएसटी धरून ३५,४००. त्याचा नोंदणी क्रमांक मागा, ई-मायग्रेट या सरकारी संकेतस्थळावर तपासा, पावती घ्या. तुमच्यासारख्या पदवीधराला वेगळी एमिग्रेशन (परदेशी कामाला जाण्याची) परवानगी लागत नाही, त्यामुळे एजंट म्हणेल, 'सर, तुम्हाला ते नियम लागू नाहीत.' परवानगी लागत नाही हे खरं. म्हणून शुल्काची मर्यादा उठते असं नाही. व्हिसा जाण्याआधी हातात हवा, तोही नोकरीचा, आणि त्यावर पदनाम शिक्षकाचं हवं. 'व्हिजिटवर या, तिथं बदलून घेऊ' असं म्हणाला तर तिथंच फोन ठेवा. पदव्यांवर अपोस्टिल, म्हणजे परदेशात कागद ग्राह्य धरला जावा म्हणूनचा सरकारी शिक्का, घ्यायला लागेल, ओमान त्या आंतरराष्ट्रीय करारात २०१२ पासून आहे. त्यासाठी मूळ प्रमाणपत्रं एजंटकडे द्यावी लागली तर कुठली कधी दिली त्याची यादी करून त्यावर सही घ्या. काम झाल्यावर परत घ्या, त्याच्या कपाटात राहू देऊ नका.

एक गोष्ट माझ्या वेळेपेक्षा बरी झालीय. २०१४ साली ओमानने नियम केला की मालकाचं ना-हरकत पत्र नसेल तर नोकरी सोडलेल्याला दोन वर्षं परत येता येणार नाही. माझ्या शेजारच्या टेबलावरचा केरळचा एक शिक्षक त्यात अडकला. ओमानच्याच सोहार शहरात चांगली जागा मिळाली होती, संस्थेने पत्र दिलं नाही, माणूस सामान बांधून घरी गेला. ती अट जानेवारी २०२१ पासून गेली. करार पूर्ण केल्यावर तुम्ही दुसऱ्या संस्थेत जाऊ शकता. म्हणजे पहिली दोन वर्षं कंपनीची हिरवी नाडी, आणि मग ओळखी झाल्यावर थेट विद्यापीठाच्या नोकरीसाठी अर्ज, असा मार्ग आज आहे. पण यासाठी करार पूर्ण करावा लागतो. मधेच सोडला तर तिकीट, व्हिसाचा खर्च आणि आणखी काय काय वसूल करतात ते करारात शोधा.

आता तुमच्या पत्रातलं ते वाक्य, जे तुम्ही प्रश्न म्हणून लिहिलंच नाहीत: 'इथं कायम व्हायला उपयोग होईलच.' सर, या 'च' वर थांबू.

यूजीसीच्या २०१८ च्या नियमांत सहायक प्राध्यापकाच्या मुलाखतीला बोलावण्यासाठी जो गुणतक्ता आहे, त्यात अध्यापन अनुभवाला वर्षाला दोन गुण, जास्तीत जास्त दहा. तुमची तासिकेची सात वर्षं धरली गेली तर दहा गुण आधीच भरलेत, ओमानचे दोन वर्षं त्यात शून्य भर घालतात. धरली गेली नाहीत, तर ओमानचे चार गुण मिळतील का, हा वेगळा वाद. मागची सेवा मोजण्याबद्दल त्याच नियमांत 'देशातली असो वा आंतरराष्ट्रीय' असं स्पष्ट आहे, पण ती नियमित आणि समकक्ष पदावरची हवी. मनुष्यबळ कंपनीच्या करारावर फाउंडेशनला शिकवणं समकक्ष आहे हे छाननी समितीला पटवायचं तर कागद लागेल, आणि तो कागद कंपनीचा चालणार नाही, विद्यापीठाच्या कुलसचिवाच्या सहीचा लागेल. आणि हे सगळं यादीत नाव येण्यापुरतं. निवड मुलाखतीवर होते, आणि आपल्याकडच्या मुलाखती कशा होतात ते मी इथं लिहायची गरज नाही. त्याच तक्त्यात कॉलेजसाठी संशोधन लेखांना सहा गुण आहेत, एका लेखाला दोन. तुमचे तीन चांगले लेख आहेत का? नसतील तर ओमानमधल्या अकरा तासांच्या तपासणीनंतर ते लिहायला बळ उरणार नाही.

म्हणून जायचं तर इथल्या कायम नोकरीची पायरी म्हणून जाऊ नका. पैशासाठी जा, नवं काम शिकायला जा, भाषाशिक्षक म्हणून तिकडेच पुढची दहा वर्षं काढायची असतील तर नक्की जा. या तिन्हींत लाज वाटण्यासारखं काही नाही. पण दोन वर्षांनी अडतिसाव्या वर्षी परत येऊन त्याच कॉलेजच्या त्याच स्टाफरूममध्ये नवीन हजेरीपटावर सही करायची वेळ आली, तर तो राग तुम्ही ओमानवर काढाल.

बाईंची रजा ही मला सगळ्यात खटकलेली गोष्ट. तुमच्या घरात एकच पगार दर महिन्याला येतो आणि तो त्यांचा आहे. पत्रात त्या 'यायला तयार आहे' एवढ्या तीन शब्दांत आहेत. त्यांना विचारलंत का, की रजेची सेवाज्येष्ठतेवर, पेन्शनवर, बदलीवर काय परिणाम होईल? त्यांनी गटशिक्षणाधिकारी कार्यालयात लेखी विचारलंय का? माझं मत विचाराल तर पहिलं वर्ष तुम्ही एकट्याने जा. मुलगी इथंच पहिली-दुसरी करू दे. निझ्वा, इब्री, सूर, सोहार इथं सीबीएसईच्या इंडियन स्कूल आहेत, त्यामुळे पुढे नेलीत तर शिक्षणाची अडचण नाही. पण पहिल्या सत्रात पगार वेळेवर बँकेत येतो का, नाडीचा रंग काय, घर कसं, हे एकट्याने बघणं सोपं. दिवाळीत तिथं सुट्टी नसते, एवढं मात्र मुलीला आधी सांगून ठेवा.

जाताना २८ सप्टेंबरच्या आत निघा. आर्थिक वर्षात भारतात १८२ दिवसांहून कमी राहिलात तर त्या वर्षासाठी अनिवासी ठरता आणि तिकडच्या पगारावर इथं कर लागत नाही. पुढच्या वर्षांत सुट्टीला येतानाही हे दिवस मोजायची सवय लावा. तिकडे काही बिनसलं, पगार दोन महिने थकला, तर मस्कतमधल्या आपल्या दूतावासाकडे आणि परराष्ट्र खात्याच्या 'मदद' पोर्टलवर तक्रार करता येते. त्यासाठी कराराची सही-शिक्क्याची प्रत तुमच्या आणि बाईंच्या फोनमध्ये असू दे. अरबी आणि इंग्रजी दोन्ही मजकूर मागा, कारण वाद झाला की अरबी मजकूर बघतात. एखादा अरबी जाणणारा शोधून दोन्ही ताडून बघा. मिरजेत मोठे दवाखाने आहेत, तिथं अरबी जाणणारं कुणी भेटतं का, विचारून पाहा.

करार अजून हातात आलेला नाही, असं तुम्ही शेवटी ताजा कलम म्हणून लिहिलंत, फक्त ऑफर लेटर आहे. मग कॉलेजला अजून काही कळवू नका. जूनमध्ये तासिकेची जाहिरात निघाली की नेहमीप्रमाणे अर्ज करा, मुलाखत द्या. तिकडचं सत्र सप्टेंबरात सुरू होतं. कंपनीला आजच ईमेल करा: मूळ पगार, पगाराचे महिने, वर्गातले तास, घर, व्हिसावरचं पदनाम, करार मोडल्यास वसुली. उत्तरं आली की करारासोबत मला पाठवा, नावं खोडून. मी वाचून ठेवते.